मालकाला कार्ड नसतं

"मले फक्त येवढं सांगा सर, मैदानात पहिले कोन घुसलं?"

"नूतन, हळू बोल. भाइर मंडळी आली."

"आयकू द्या मंडळीले. पहिले कोन घुसलं?"

"घुसलं म्हनू नको. भैयाजी आले. आपली टीम जिंकली त्या आनंदात आले."

"जिंकली कुठी होती? खेळ सुरू होता, सर! बॉल जिवंत होता! तुमीच शिकवलं मले, शेवटची शिटी वाजत नाई तोवर मैदानात कुत्रं जरी आलं तरी खेळ थांबवाचा."

"भैयाजीले कुत्रं म्हनते काय तू?"

"मी कुत्र्याले कुत्रं म्हनलं. तुमच्या मनात कोन आलं ते तुमी पाहा."

दादाजी सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर न चढवता हातातच धरून बसले. चष्मा नसला की सरांना समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. नूतनला ही सवय शाळेपासून ठाऊक होती. मुलींचा संघ हरून रडायला लागला की सर असेच चष्मा काढून बसायचे.

"विक्कीले वर्षभर," नूतन टेबलावर वाकली. "वर्षभर त्यानं बॉलले पाय लावाचा नाई. आन् भैयाजीले काय? समज. 'समज देण्यात आली.' समज म्हंजे कशी असते हो सर? पुडीत बांधून देतात काय?"

"दंडही झाला त्यायले."

"दंड? दंड कधी मायकवर पुकारतात? 'आपल्या सर्वांचे लाडके भैयाजी यांच्याकडून लीगला भरघोस देणगी, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!' मी तिथीच उभी होती. तुमी शाल देली त्यायले. सर, दंड भरनाऱ्याच्या खांद्यावर शाल टाकनारी कमेटी आख्ख्या दुनियेत आपलीच असंन."

बाहेर गाडीचा दरवाजा धाडकन लागल्याचा आवाज आला.

ही खोली म्हणजे सावली गावाच्या मैदानाला लागून असलेलं धानाचं जुनं गोदाम. त्यात एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात जाळीच्या पिशवीत बॉल, आणि भिंतीवर फ्लेक्स: वैनगंगाकाठ फुटबॉल लीग. त्या फ्लेक्सवर आठ संघमालकांचे हात जोडलेले फोटो आहेत. खेळाडूचा एकही नाही. वरच्या कोपऱ्यात एक बॉल आहे, तोही कोणा परदेशी माणसाच्या पायाजवळचा. माणूस कापून टाकलाय.

आज विक्कीच्या शिक्षेचा फेरविचार होता. तो व्हावा म्हणून नूतन गेला आठवडाभर कमिटीतल्या एकेकाच्या दारात जाऊन बसली होती. आणि ज्यामुळे हे सगळं सुरू झालं, ते लाल कार्ड दाखवणारी रेफरीही तीच होती.

*

नूतन लहानूची थोरली. सावलीच्या बसस्टँडला लागून लहानूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तालुक्यातल्या शाळांचे फुटबॉल पंक्चर झाले की तिथंच यायचे. लहानू ब्लॅडर पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, ठिगळ लावायचा, आणि बॉल बरोबर झाला की नाही हे तपासायला पोरीच्या अंगावर फेकायचा. पोरगी तो छातीवर झेलून पायाने परत द्यायची. गिऱ्हाईक हसायचं, "लहानू, तुही पोट्टी तं बापा लाथा मारते!" लहानू म्हणायचा, "मंग? फुकट तपासनी हाये. दुसऱ्या दुकानात असे पैसे पडतात."

शाळेत दादाजी सर खेळाचे शिक्षक. मुलींचा संघ काढायचा त्यांनी हट्ट धरला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, मुली कमी पडतील. सरांनी धान कापणीच्या मजुरीला जाणाऱ्या मुली बांधावरून उचलून आणल्या. त्या मुलींनी गडचिरोलीला जाऊन सामना मारला. नूतन मधल्या फळीत खेळायची, आणि खेळताना तोंड बंद नसायचं. पुढे गुडघा गेला. ती महिनाभर घरात तोंड लपवून बसली. मग एक दिवस सर दुकानावर आले, लहानूकडून चहा घेतला आणि तिच्या हातात शिटी ठेवली.

"खेळता येत नाई तं खेळव."

शिटी तिला नवी नव्हती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मोहल्ल्याचं लेझीम पथक तीच शिटीवर चालवायची. मोठमोठे बाप्ये तिच्या शिटीला वळायचे, थांबायचे. पण मैदान वेगळं. पहिल्याच सामन्यात एका गावचे पोट्टे अडून बसले. बाईची शिटी आमी नाई आयकत. सर बाकावरून उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मंग घरी जा. गाडी उभीच हाये." पोट्टे दहा मिनिटं रुसले आणि खेळले.

त्या दिवसापासून नूतन सरांच्या जिवावर उड्या मारत आली. नागपूरला जाऊन तिने रेफरीची परीक्षा दिली. सावलीच्याच एका खाजगी शाळेत खेळ शिकवायची नोकरी धरली. आणि सुटीच्या दिवशी स्कूटीच्या डिकीत बूट टाकून कधी गडचांदूर, कधी ब्रह्मपुरी असं फिरायला लागली. मैदानातली तिची बडबड तर प्रसिद्धच आहे. कॉर्नरच्या वेळी कोणी कोणाची कंबर धरली की शिटीच्या आधी तिचा आवाज येतो: "ए सोळा नंबर! सोड त्याले. लगन लागलं काय तुमचं?" पेनल्टीसाठी उगाच लोळणाऱ्याला ती म्हणते, "ऊठ राजा, नाटक पायाले तिकीट नाई काढलं मी." हसता हसता भांडण विरतं. कार्ड काढायची वेळ तिच्यावर क्वचित येते.

त्या दिवशी आली.

*

आधी मालकांचं सांगायला हवं, त्याशिवाय हे कळायचं नाही.

ही लीग निघाली तेव्हा या भागात कोणाला फुटबॉलचे पैसे मिळतील असं वाटलं नव्हतं. दादाजी सर निवृत्त झाले, घरात बसवेना, म्हणून दारोदार फिरून त्यांनी आठ मालक गोळा केले. कोणी वाळूघाटवाला, कोणी राइस मिलवाला, कोणी सिमेंटच्या ट्रकांवर मोठा झालेला. खेळाडूंची बोली लागते. बोलीच्या दिवशी मंडपात मायकवर जो माणूस असतो, तोच एरवी शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोड्यांची नावं पुकारतो. शब्दही जवळपास तेच. "चालीले हलका! पायात वारा! दम पाहा, छाती पाहा!" विक्कीच्या वेळी तो दात पाहा म्हणाला तेव्हा सगळा मंडप हसला. विक्कीही हसला.

त्या आठांतले भैयाजी मूळचे पटातले. त्यांच्या जोडीचं नाव भंडाऱ्यापर्यंत. पटाची एक रीत आहे. जोडी शेवटच्या खांबापार गेली की मालक गुलालाचं ताट घेऊन धावत सुटतो. बैल थांबायच्या आत त्यांच्या कपाळाला गुलाल लागला पाहिजे, तरच जिंकल्याचा मान. तिथं ते बरोबरही आहे. खांब ओलांडला, शर्यत संपली.

फुटबॉलात गोल म्हणजे शेवटचा खांब नाही. गोल झाल्यावरही खेळ राहतो, कधी कधी तिथूनच खरा सुरू होतो. एवढी साधी गोष्ट भैयाजींना इतक्या हंगामांत कोणी सांगितली नव्हती, कारण भैयाजींना कोणी काही सांगत नाही. ते टचलाइनला लागून टाकलेल्या सोफ्यावर बसतात. बाजूला टीपॉय, त्यावर काजू. मैदानाला त्यांच्या वडिलांचं नाव आहे.

उपांत्य सामना होता. समोर गडचांदूरचा संघ. सामना संपत आलेला आणि भैयाजींच्या संघाने गोल मारला. जल्लोष झाला, तो नेहमीचाच. बॉल परत मध्यावर आला, नूतनने शिटी दिली, गडचांदूरवाले चवताळून चढले. आणि तेवढ्यात भैयाजी ताट घेऊन मैदानात. मागे दोन डफडेवाले.

ते थेट आपल्या गोलकीपरकडे गेले. का, ते देवाला ठाऊक. बहुतेक तोच एक जण जागेवर उभा होता. मूठभर गुलाल त्यांनी त्याच्या तोंडावर फेकला. कीपर बिचारा डोळे चोळत भोवऱ्यासारखा फिरायला लागला. इकडे गडचांदूरचा पोरगा बॉल घेऊन उजवीकडून सुसाट सुटलेला.

विक्की भैयाजींच्याच संघाचा शेवटचा बचावपटू. त्याने भैयाजींचं मनगट धरलं.

"भैयाजी, भाइर! खेळ सुरू हाये!"

भैयाजींनी मनगट सोडवून घेतलं आणि त्याच हाताने विक्कीच्या थोबाडीत दिली. तो आवाज नूतनने मैदानाच्या मध्यावर ऐकला. विक्कीने दोन्ही हातांनी ढकललं. भैयाजी मागे गेले, डफडेवाल्याच्या पायात अडकले आणि पांढऱ्या कपड्यांनिशी गुलालाच्या ताटावर बसले.

अख्खं मैदान हसलं. बाया हसल्या. झाडावर चढलेली पोरं हसली. सोफ्यावरचे बाकीचे मालक तोंड फिरवून हसले. नूतन आजही शपथेवर सांगेल, की विक्कीला वर्ष मिळालं ते ढकलण्यासाठी नाही. ते त्या हसण्यासाठी मिळालं.

तिची शिटी ताट पडायच्या आधीच वाजली होती. ती धावत आली आणि खिशात हात घालताना तिला कळत होतं की आपण काय काढतोय. ढकलणं म्हणजे ढकलणं. नियमात 'कोणत्याही व्यक्तीला' असं लिहिलंय. त्या व्यक्तीने आधी काय केलं ते तिथं विचारत नाहीत. तिने लाल कार्ड वर केलं. विक्कीने ते पाहिलं आणि जर्सीच्या बाहीला तोंड पुसत सरळ बाहेर गेला.

मग ती भैयाजींकडे वळली. तिचा हात पुन्हा खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. संघाच्या यादीत प्रशिक्षक असतो, व्यवस्थापक असतो, पाणी देणाराही असतो. त्यांना कार्ड दाखवता येतं. मालक कुठल्याच यादीत नसतो.

"भाइर व्हा," ती म्हणाली.

"मॅडम, मैदान माह्या बापाच्या नावाचं हाये."

"बाप आत नाई आले, तुमी आले. भाइर व्हा, नाई तं सामना इथीच संपला म्हनून लिहीन."

ते उठले. दादाजी सर धावत आले, त्यांचे कपडे झटकत, 'चला भैयाजी, चला' करत त्यांना सोफ्यावर घेऊन गेले. सामना तेवढ्याच गोलवर संपला. भैयाजींचा संघ अंतिम फेरीत. शेवटच्या शिटीनंतर मायकवर ती देणगी जाहीर झाली आणि शाल आली. मैदानाच्या मागे पंपाच्या घराजवळ विक्की एकटा बसून पायातल्या पट्ट्या सोडत होता.

*

कमिटीने त्याच रात्री बसून शिक्षा ठरवली. दुसऱ्या दिवशी विक्कीची आई नूतनच्या घरी आली. मनकर्णा तिचं नाव. दोन एकर धान, दोन म्हशी, आणि जिभेला लगाम नाही. उंबऱ्याच्या आत यायलाच तयार नाही.

"आत या ना बाई."

"नाई येत. मी भांडाले आली. भांडन भाइरूनच बरं."

"बोला मंग."

"लाल कारड कोनं दाखवलं माह्या पोराले?"

"मी."

"भैयाजीनं दाखवलं काय?"

"नाई, मीच."

"कमेटीनं?"

"नाई म्हनलं ना बाई, मीच दाखवलं."

"मंग भैयाजीले काऊन शिव्या देऊन राह्यली गावभर? सोताचा हात पाह्य आधी." मनकर्णाचा आवाज चिरकला. "लेकराले मारलं त्यानं. माह्या डोळ्यादेखत. त्याच्या बापानं कधी मारलं नाई, मी मारलं नाई. मी तिथी फाटकापाशी उभी. आन् तू धावत आली, आन् कोनाकडं गेली? माह्या पोराकडं."

नूतनकडे उत्तर होतं. नियमाचा क्रमांक होता, पोटनियम होता. पण मनकर्णा नियमाविषयी बोलतच नव्हती.

"नागपूरच्या क्लबनं बलावलं त्याले," मनकर्णा म्हणाली. "फायनल झाली की ये म्हने, पाहून घेतो. आता वर्षभर कुठंच खेळाचं नाई म्हंते कमेटी. वर्षानं कोन थांबते बाई? त्यायच्या दारात पोट्टे कमी हायेत काय?"

"मी कमेटीकडं जातो."

"जाऊन काय करशीन?"

"भांडीन."

मनकर्णाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पदर खोचला आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला. "चहा कर मंग. कमी साखरेचा."

ती गेल्यावर नूतन बराच वेळ ओट्याला टेकून उभी होती. कार्ड बरोबर होतं. हे तिने स्वतःला कितीदा तरी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते बरोबरच निघालं. तिला संताप त्याचाच येत होता. बरोबर गोष्टही कोणी इतक्या वाईट कामाला लावू शकतं? तिने एक सामना मागितला होता, फार तर तीन. अहवालात तिने क्रमाने लिहिलं होतं: मालक मैदानात आले, गुलाल फेकला, खेळाडूला मारलं, मग खेळाडूने ढकललं. सगळ्यांनी ते वाचलं होतं, कोणी नाकारलंही नव्हतं. कमिटीने शेवटचं वाक्य ठेवलं, वर्ष दिलं, आणि वरच्या वाक्यांना समज दिली.

*

तर आज गोदामात ती मंडळी आत आली. भैयाजी, आणि कमिटीतले आणखी दोन मालक: एक मिलवाला, एक ट्रकवाला. सर सचिव. पाचवा माणूस आलाच नाही. तो कधीच येत नाही. भैयाजी एरवी मधल्या खुर्चीवर बसतात. आज त्यांचं स्वतःचं प्रकरण होतं, म्हणून ते एक खुर्ची बाजूला सरकून बसले. कमिटीच्या हिशेबी तेवढ्याने न्याय निःपक्षपाती झाला.

विक्की दाराजवळ उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.

"चहा झाला काय मॅडम?" भैयाजींचा आवाज मोठा गोड आहे. ते कोणावर ओरडत नाहीत. त्यांना कधी गरजच पडली नाही. "बोला. आपल्याच घरची गोष्ट हाये."

"घरची नाई," नूतन उभीच राहिली. "मैदानाची हाये. मी शिक्षा माफ करा म्हनाले नाई आली. सारखी करा म्हनाले आली. विक्की वर्षभर भाइर, तं भैयाजीही वर्षभर मैदानाच्या भाइर. नाई तं दोघंही तीन-तीन सामने. तुमाले जमंन ते करा."

मिलवाला हसला. "मालक भाइर बसला तं टीम कोनाची म्हनाची?"

"अकरा पोट्ट्यायची."

"पोट्टे काय बिनपगारी खेळतात?"

"पगार देता म्हनून थोबाडीत मारता येते काय? मिलमध्ये हमालाले मारता तुमी?"

ट्रकवाला मध्ये पडला. "मॅडम, मालकाले कार्ड नसते. नियमात दाखवा कुठी हाये."

"नाईच हाये! नियम तुमी लिहिले. खेळाडूचं लिहिलं, कोचचं लिहिलं, पानी देनाऱ्याचं लिहिलं. मैदानात थुंकला तं काय, जर्सी काढली तं काय, सगळं लिहिलं. फक्त सोताचं लिहाचं राहून गेलं. असं कसं हो राहून जाते?"

"नूतन," दादाजी सर म्हणाले.

"सर, तुमी तरी सांगा ना यायले!"

"काय सांगू?" सरांचा आवाज एकदम चढला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "हे उठून गेले तं लीग बंद. उद्याच्याले बंद! शंभर पोट्टे घरी बसतीन आन् मैदानात बकऱ्या चरतीन. मी दारोदार फिरलो तेव्हा तू होती काय संगं? एका विक्कीचं वर्ष, का शंभर पोट्ट्यायची लीग? तू सांग."

"सर, आज विक्की. उद्या त्या शंभरातल्या कोनाच्याही थोबाडीत बसंन, आन् त्यालेच वर्ष भेटंन. कोनासाठी चालवता मंग लीग?"

सरांनी मान फिरवली.

"बरं, बरं," भैयाजींनी हात वर केला. "मास्तर, तापू नका. मॅडमही आपल्याच पोरीसारख्या हायेत. हे पाहा, माह्या मनात काई नाई. पटात जोडीतला बैल लाथ मारते कधी कधी. तं काय आपन त्याले विकून टाकतो? नाई. पन वेसन जराशी आवळाच लागते, नाई तं दुसऱ्या दिवशी गावभर लाथा मारत फिरते. राग नाई माहा. मले लळा हाये त्याचा."

दाराजवळ विक्कीने पाय बदलला. नूतनने त्याच्याकडे पाहिलं. तो भैयाजींकडेच पाहत होता, अगदी शांतपणे, समोरून बॉल कुठे वळतो ते पाहत असल्यासारखा.

सरांनी संधी साधली. कागद ओढला, पेन काढलं. "असं करू. सगळ्यायचाच मान राह्यन. फायनलच्या आधी, मैदानात, मायकवर, विक्कीनं भैयाजीच्या पाया पडाचं. मोठे हायेत, काई कमीपना नाई त्यात. आन् शिक्षा तीन सामन्यांची. नागपूरच्या क्लबलेही तसंच कळवतो. भैयाजी, चालंन?"

भैयाजींनी डोळे मिटून मान हलवली. चालेल.

"आन् भैयाजी काय करतीन मायकवर?" नूतन म्हणाली. "आशीर्वाद देतीन?"

"मॅडम," विक्की पहिल्यांदाच बोलला. "थांबा."

तो पुढे आला. उंच पोरगा, बोलताना मान जराशी खाली घालणारा. "मैदानात काऊन? इथीच पडतो."

आणि तो वाकला. त्याने भैयाजींच्या दोन्ही पायांना हात लावला, तो हात कपाळाला लावला. कुठेही घाई नाही, कुठेही ढोंग नाही. भैयाजींचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला.

"लेकरू हाये," ते म्हणाले, आणि कदाचित मनापासूनच म्हणाले. मिलवाल्याने चहा मागवायला फोन काढला. सर लिहायला वाकले. आठवडाभर नूतन ज्याच्यासाठी भांडली तोच वाकला. आता कोणत्या तोंडाने बोलायचं?

विक्की सरळ उभा राहिला, पण मागे गेला नाही.

"भैयाजी, मी तुमाले ढकललं. ते चुकलं. आईनंही मले तेच म्हनलं, मोठ्या मानसाले हात लावाचा नाई."

"शाना हाये तू."

"पन तुमी मले मारलं."

मिलवाल्याने फोन कानावरून खाली घेतला.

"आई फाटकापाशी होती. तिच्या समोर मारलं. मी तुमचाच गोल वाचवून राह्यलो होतो." त्याचा आवाज चढला नव्हता, थरथरतही नव्हता. "ते चुकलं का नाई?"

"अबे, भैयाजीले विचारते?" ट्रकवाला अर्धा उठला. "वाकला आन् लगेच डोकं वर? चाल, भाइर हो!"

"मायकवर नाई म्हनत मी," विक्की भैयाजींवरची नजर न काढता म्हणाला. "शालही नाई पायजे, दंडही नाई पायजे. दार लावून घ्या वाटल्यास. फक्त येवढं म्हना, चुकलं. मंग मी तीन सामने भाइर बसतो, सहा बसतो, तुमी म्हनसान तेवढे बसतो."

आठवडाभर नूतन वर्षं आणि सामने तोलत राहिली होती. हा प्रश्न तिनेही विचारला नव्हता.

भैयाजींच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं. ते तसंच राहून गेलं होतं, लग्नाचा मंडप उठल्यावरही खांबाला राहिलेल्या तोरणासारखं. त्यांनी मिलवाल्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये बघत होता. त्यांनी सरांकडे पाहिलं.

सरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. 'तीन' लिहून झालं होतं, 'सामने' राहिलं होतं.

"भैयाजी," सर हळूच म्हणाले, "दोन शब्द तं हायेत. म्हनून टाका ना. पोरगा हाये."

इतक्या वर्षांत नूतनने सरांना मालकाला असं काही सांगताना पाहिलं नव्हतं. सरांना स्वतःलाही ते ऐकून दचकायला झालं असावं, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली आणि विचारलं, "मंग... लिहू का? तीन सामने?"

भैयाजी उठले. खुर्ची मागे सरकली. विक्की वाटेतून बाजूला झाला नाही, म्हणून ते टेबलाला वळसा घालून गेले. दारात थांबून त्यांनी एका पायात चप्पल चढवली, मग दुसऱ्या पायात, आणि सरांकडे, विक्कीकडे, कोणाकडेही न पाहता बाहेर उन्हात चालू लागले.